खिडकीत ठेवलेली पांढरी वडी

बाबा, आज दुपारी मी कॉलेजातून लवकर घरी आले. काम संपलं होतं असं नाही, पुढे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. भट्टी गार होऊ दिली, तिची वायर गुंडाळून ठेवली, कपाटांच्या किल्ल्या ऑफिसात दिल्या आणि रिक्षात बसल्यावर कळलं की अंगात त्राणच नाही. आई आत झोपली आहे. तिला आता कमी ऐकू येतं, त्यामुळे मी भांडी आपटली तरी तिची झोप मोडत नाही, पण सवयीनं मी हळूच वावरते. चहा केला, तो समोर गार होऊन त्यावर साय धरली, आणि तुम्हाला लिहावंसं वाटलं. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की तुमच्यानंतर जन्मलेली मुलं आता मला मॅडम म्हणतात. इतक्या उशिरा पत्र लिहिण्यात काही अर्थ नाही, हे मला कळतं. पण माझी गेली काही वर्षं ज्या गोष्टीत गेली ती विजेची आहे, पावसाची आहे आणि इन्सुलेटरची आहे. आपल्या घरात ती ऐकून घेईल असं माणूस तुम्हीच होतात.

भिवपुरीला वीजकेंद्राच्या क्वार्टर्समध्ये राहायचो तेव्हा यार्डाचा हुं हुं असा आवाज दिवसरात्र कानात असायचा. पाहुणे आले की विचारायचे, हे काय वाजतंय? आपण म्हणायचो, कुठे काय? पावसाळ्याआधीच्या उन्हात तुमचं काम सुरू व्हायचं. एकेक लाइन बंद करून घ्यायची, शिडी लावायची आणि चिनी मातीचे ते तपकिरी इन्सुलेटर ओल्या आणि मग कोरड्या फडक्यानं पुसून काढायचे. तुम्ही त्यांना बश्या म्हणायचात. मी लांब कुंपणाच्या तारेला नाक लावून उभी आहे, तुम्ही वर आहात, सदरा पाठीला चिकटला आहे, आणि एक बशी पुसून झाली की तुम्ही ती अशी निरखता, जणू तिच्यात आता कोणी चहा ओतणार आहे. संध्याकाळी मी विचारलं, ही बशी फुटते म्हणून वीज बाहेर येते का? तुम्ही म्हणालात, "बशी फुटली तर दिसते गं. ती भानगड सोपी. न फुटता दगा देते ती खरी." मग सांगितलंत की आतून तिला काही झालेलं नसतं. वर धूळ बसते, धुळीवर दव पडतं, आणि वीज बशीच्या आतून न जाता तिच्या अंगावरून सरपटत जाते. पहाटेच्या ओलीत ती चुरचुर आवाज करते तेव्हा समजायचं, पुसायला हवं.

तुम्ही मला एकदाच मारलंत, तेही विजेवरून. इस्त्री बंद होती की चालू हे बघायला मी तिच्यावर तळवा ठेवायला गेले, आणि तुम्ही माझ्या मनगटावर असा फटका दिलात की आई चुलीपुढून उठून आली. "पालथा हात! कितींदा सांगितलं, पालथा हात लावून बघायचं!" मी रडले. मग तुम्ही खाली बसून समजावलंत की झटका बसला की मूठ आपोआप वळते. तळवा लावला तर हात वायरीला धरून बसतो, पालथा लावला तर दूर फेकला जातो. मला त्या वेळी समजण्यापेक्षा रुसायचंच जास्त होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही एका मोडक्या इस्त्रीतून काढलेला अभ्रकाचा तुकडा आणून माझ्या हातात ठेवलात. चुकलो म्हणणं तुमच्या स्वभावात नव्हतं, अभ्रक आणणं होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मी नखानं त्याचे पापुद्रे काढत राहिले. एक निघाला की खाली दुसरा, तो काढला की तिसरा, आणि प्रत्येकातून पलीकडची आई दिसायची, थोडी पिवळी. आई म्हणाली, "पोरीला खेळायला बाहुली आणतात, ह्यांनी इस्त्रीचं पोट आणलंन." तो तुकडा कधीच हरवला. पालथ्या हाताची सवय मात्र अजून आहे. भट्टीचं दार, आईचं कपाळ, गॅसवरचं झाकण, सगळ्याला मी आधी पालथा हात लावते.

तर आता माझ्या कामातली ती पूड. तिचं नाव लँथेनम ऑक्सिक्लोराइड. नाव ऐकून घाबरू नका, दिसायला ती तांदळाच्या पिठासारखी आहे. लँथेनम हा दुर्मिळ मृदांपैकी एक धातू. दुर्मिळ म्हणायचं फक्त, तसा तो बराच सापडतो, वेगळा काढताना मात्र नाकी नऊ येतात. त्याच्याबरोबर थोडा ऑक्सिजन आणि थोडं क्लोरीन बसलं की ही पूड होते, आणि तिचे कण आतून पापुद्र्यापापुद्र्यांचे असतात, तुमच्या अभ्रकासारखे. वीज ती जाऊ देत नाही. तुमच्या बश्या जे काम मनोऱ्यावर करायच्या ते काम आता मोबाइलच्या पोटात, डोळ्याला दिसणार नाही अशा जागेत कोणीतरी करावं लागतं. तिथे इन्सुलेटर इतका पातळ लागतो की नेहमीचे पदार्थ तेवढे पातळ केले की गळायला लागतात. हिचा पापुद्रा पातळ असूनही अडवून धरतो, असं लोकांचं म्हणणं आहे. जगभर त्यावर मोठमोठ्या ठिकाणी काम चालतं. आम्ही कर्जतच्या कॉलेजात एका खोलीत, एका जुन्या भट्टीवर करत होतो. उंटावर बसून शेळ्या हाकण्याची सोय नव्हती, कारण उंटच नव्हता.

आणि आम्ही ती शोधून काढली असंही नाही, ती आमच्याकडून चुकून झाली. माझी एक विद्यार्थिनी आहे. खालापूरकडच्या भातशेतीवाल्या घरातली, लग्न होऊन शेलूला नव्या इमारतीत दिलेली. पीएचडीसाठी माझ्याकडे आली तेव्हा आमचं काम दुसरंच होतं आणि त्याला लँथेनमचं क्लोराइड कोरडंठाक लागायचं. ते क्लोराइड म्हणजे आषाढातलं मीठ, बाटलीचं बूच उघडं राहिलं की पाघळलंच. पुस्तकात लिहिलंय की ते उघड्यावर तापवू नये, कोरड्या वायूच्या प्रवाहात हलके हलके वाळवावं. त्या आठवड्यात आमचा वायूचा सिलिंडर संपला होता आणि मी मीटिंगला होते. परत येते तो जिन्यापर्यंत आम्लाचा वास, डोळे चुरचुरताहेत, आणि ही पदर नाकाला लावून भट्टीपुढे उभी. सगळं क्लोराइड तिनं उघड्या मुशीत घालून तापवलं होतं. मी ओरडले. ती म्हणाली, "मॅडम, ओलं झालं होतं म्हणून भाजलं. आमच्या घरी पावसात मीठ असंच तव्यावर भाजतात." आता ह्यावर काय बोलायचं? आपल्या घरीही तेच होतं. आई लोखंडी तव्यावर मीठ परतायची, ते तडतडायचं, मग गरम गरम बरणीत भरून वर भाजलेले तांदूळ टाकायची. पुण्या-मुंबईच्या कोणत्याही प्रयोगशाळेत ही चूक झाली नसती, कारण तिथल्या मुलांनी मीठ भाजताना पाहिलेलं नसतं.

रागाच्या भरात मी ती मूस बाजूला ठेवून दिली. काही दिवसांनी पाहिलं तर बाकीच्या बाटल्यांमध्ये चिखल झालेला आणि ही पूड मात्र भुरभुरीत. पाण्यात टाकली तर विरघळेना. भाजताना अर्धवट क्लोरीन वासावाटे निघून गेलं होतं आणि त्याच्या जागी ऑक्सिजन येऊन बसला होता. हे जगाला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात ते 'असं होऊ देऊ नका' म्हणून दिलेलंच होतं. फक्त जे होऊ द्यायचं नव्हतं तेच आम्हाला हवंसं वाटायला लागलं. त्या मुलीनं मग मुद्दाम, मापानं, पुन्हा पुन्हा भाजून ती पूड केली. जास्त तापवली तर उरलेलं क्लोरीनही निघून जातं आणि नुसतं ऑक्साइड राहतं, ते हवेतलं पाणी पिऊन फुगतं आणि त्याचा भुगा होतो. कमी तापवली तर क्लोराइड शिल्लक राहतं, ते पाघळतं. मधे कुठेतरी ही शहाणी पूड. त्या मुलीच्या प्रबंधाचा प्रश्न असा होता की ही खरंच टिकते का. एसीत, काचेच्या बंद पेटीत टिकते हे इतरांनी पाहिलं होतं. उघड्यावर, आपल्याकडच्या पावसाळ्यात, जिथे चामड्याच्या चपलेला बुरशी येते आणि पापड दुपारी तळला तर संध्याकाळी वाकतो, तिथे ती चार महिने इन्सुलेटर म्हणून राहील का? राहिली तर तिचा प्रबंध पुरा होत होता. नाही राहिली, तर इतक्या वर्षांच्या भाजण्यातून हाती फारसं काही लागत नव्हतं.

ह्याच सुमाराला मला बोलावून सांगण्यात आलं की दिवाळीनंतर ती खोली संगणकांसाठी घेणार आहेत. सांगणारे वाईट नव्हते, चहा दिला, दोनदा सॉरी म्हणाले. कॉलेजला विद्यार्थी हवेत आणि विद्यार्थ्यांना संगणक हवेत, मी काय भांडणार? भांडायचं वय होतं तेव्हा भांडून झालं. म्हणजे त्या मुलीला हा एकच पावसाळा मिळणार होता. पूड बिघडली तर पुढच्या वर्षी परत करून बघू, असं म्हणायला पुढचं वर्षच नव्हतं. मी तिला हे सांगितलं नाही. धास्तीनं हात थरथरणारं माणूस मोजमाप चुकवतं, असं मी स्वतःला पटवलं. खरं कारण एवढंच की तिचं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं. "मॅडम, यंदा जमलं तर बरंच, नाय तर पुढच्या पावसात करू," असं ती मजेत म्हणायची आणि मी "बघू" म्हणायची.

इथे मला तुमचं फाटक आठवतं. थोरले काका गावाहून यायचे, बहुतेक रविवारी. कुंपणाच्या फाटकाशी जांभळीखाली तुम्ही आधीच जाऊन उभे असायचात. काकांना तुम्ही कधी सरळ घरात आणलं नाहीत. त्यांचं जे काही बोलणं असेल ते आधी जांभळीखाली संपायचं, मग तुम्ही दोघं आत यायचात, चहा व्हायचा, काका माझ्या हातावर गोळ्या-बिस्किटं ठेवायचे आणि हसत जायचे. आई विचारायची, "काय म्हणत होतं भावजी?" तुम्ही टॉवेलानं मान पुसत म्हणायचात, "काय नाय, पावसापाण्याचं." उन्हाळ्यातसुद्धा पावसापाण्याचं! मी खिडकीशी अभ्यासाला बसलेली असायचे, उजेड तिथेच चांगला यायचा. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवून यार्डाकडे निघून जायचात, रविवार असला तरी. तो इस्त्रीचा दिवस सोडला तर घरात तुम्ही आवाज चढवून बोललेलं मला आठवत नाही, आणि दमलो असं म्हटलेलं तर मुळीच नाही.

श्रावणात एक दिवस शिपाई सांगत आला, खाली कोणी गृहस्थ आलेत, मॅडमना भेटायचं म्हणतात. त्या मुलीचे सासरे होते. मी त्यांना वर बोलवू शकत होते, पण वर ती होती, म्हणून मीच खाली गेले. फाटकाशी गुलमोहराखाली, छत्री धरून, ते बराच वेळ बोलले. माणूस तसे सालस. "मॅडम, तुमी शिकल्या-सवरलेल्या बाई. आमी काय बोलनार? पन लोक इचारतात, सून किती वर्सं भट्टी फुकनार हाय? घरात पोर नाय, बाळ नाय. आमच्या पोराला मानूस म्हनून काय मान हाय का नाय?" पुढेही बरंच होतं, त्यात तिच्याबद्दल एकदोन असे शब्द होते की ते मी इथे लिहीत नाही. मी ऐकत राहिले. एवढंच म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबा. ते गेले. वर आले तर ती वजनकाट्यापाशी बसून होती. "मॅडम, आमचे सासरे आले होते ना? काय म्हणाले?" आणि बाबा, माझ्या तोंडून निघालं, "काही नाही गं, तिकडे शेलूला पाण्याचा टँकर वेळेवर येत नाही म्हणत होते." छत्रीतून खांद्यावर पडलेलं पाणी मी रुमालानं पुसत होते. तुमची मान पुसायची तऱ्हा माझ्या अंगात कधी आली, मला कळलंच नाही. त्या क्षणी मला तुमचा अभिमान वगैरे काही वाटला नाही, नुसता शीण आला. इतकी वर्षं तुम्ही हे कसं केलंत?

पूड दाबून तिच्या आम्ही बटणाएवढ्या वड्या पाडल्या होत्या. काही आमच्या पुडीच्या आणि शेजारी तुलनेसाठी काही नुसत्या ऑक्साइडच्या. काचेच्या बश्यांत घालून त्या खोलीच्या खिडकीत ठेवल्या. पावसाचे थेंब येऊ नयेत म्हणून वर दुधाच्या पातेल्यावर झाकायची जाळी. खिडकीची एक फळी सतत उघडी, कारण वारा आत यायलाच हवा होता. पाऊस सुरू झाल्यावर ऑक्साइडच्या वड्या फुगल्या, त्यांना चिरा गेल्या, आणि नागपंचमीच्या सुमाराला बशीत नुसता चुरा उरला. आमच्या वड्या होत्या तशा, पांढऱ्या, गोल. ती मुलगी रोज आल्या आल्या पर्स खांद्याला असतानाच खिडकीशी जायची. मलाही आशा वाटायला लागली होती, आणि ह्या वयात आशा वाटणं हे किती दगदगीचं काम आहे म्हणून सांगू.

गौरी गेल्या आणि आम्ही मोजायला घेतलं. वडीच्या दोन्ही अंगांना चांदीची पेस्ट लावायची, तारा जोडायच्या, विजेचा दाब द्यायचा आणि पलीकडे किती वीज गळते ते बघायचं. जून महिन्यात जवळजवळ काहीच गळत नव्हती. आता आकडा चढत गेला. पहिली वडी, दुसरी, तिसरी, सगळ्यांची तीच तऱ्हा. वडीला चीर नाही, डाग नाही, आणि वीज मात्र खुशाल पलीकडे. तिनं तारा सोडून परत लावल्या, परत तेच. मग ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "गेलं, मॅडम." रडली नाही. मीच खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. बाहेर पागोळ्या गळत होत्या, समोरचा डोंगर ढगात गेला होता, आणि मला वाटलं, तिला आता सगळं सांगून टाकावं, खोलीचंही सांगावं, एकदाच काय ते होऊन जाऊ दे.

मग बशी आठवली. इथे मी असं लिहिलं की तुमच्या त्या एका वाक्यानं आमचं संशोधन तारलं, तर वाचायला गोड वाटेल, पण ते खरं नाही. वरच्या ओलीमुळे गळती होते हे माझ्या पुस्तकातही आहे, मी दरवर्षी ते शिकवते, आणि थोडा वेळ गेला असता तर तिला किंवा मला सुचलंच असतं. पण त्या दिवशी मला पुस्तक आठवलं नाही, तुमचं फडकं आठवलं, एवढं मात्र खरं. मी तिला म्हटलं, आतलं सोड, वरचं पूस. पुसणार काय, वड्या आम्ही ओव्हनमध्ये अगदी मंद आचेवर ठेवल्या, वरचं पाणी उडेल आणि आतल्या कशालाही धक्का लागणार नाही एवढ्याच. दुसऱ्या दिवशी त्या बाहेर काढल्या, मी पालथा हात लावून बघितला, कोमट होत्या. मोजल्या. आकडा खाली आला, थेट जूनच्या जागी. तिनं माझ्याकडे बघितलं आणि परत तारा सोडून परत लावल्या. मग ती वड्या डबीत घालून मुंबईला एका संस्थेत एक्स-रे काढायला घेऊन गेली, आणि तिथूनही तेच आलं: पावसाळाभर ओल्या हवेत राहून आत काही बदललेलं नाही, पापुद्रे जागच्या जागी. पावसानं वडीचं काही घेतलं नव्हतं. नुसती वर ओल बसली होती आणि ती पुसायला कोणी नव्हतं. तिच्या प्रबंधाला हवं होतं ते मिळालं. पण अशी वडी उघड्यावर वापरायची तर तिच्यावर काहीतरी आवरण लागेल, असंही तिनं प्रामाणिकपणे लिहिलं.

परवा ती प्रबंधाचे पेढे घेऊन आली. म्हटलं, आता सांगते. मी सुरुवात केली, "हे बघ, ही खोली..." ती म्हणाली, "माहीत हाय, मॅडम. आषाढातच मापं घ्यायला माणूस आला होता. तुम्ही वर्गावर होतात. टेबलं कुठं बसतील ते त्यानं मलाच विचारलं." मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?" "तुम्ही इतक्या दमलेल्या दिसायचात. म्हटलं, मॅडमना वाटतंय मला ठाऊक नाही, तर वाटू दे. तेवढाच एक ताप कमी." मग पेढ्याच्या खोक्याची दोरी बोटाला गुंडाळत, खाली बघत म्हणाली, "आणि सासरे आले होते तेव्हा काय बोलले, तेपण ऐकलं मी. वड्यांसाठी खिडकी उघडी होती ना." मी पेढा खाल्ला. ती म्हणाली, "टँकर आमच्याकडं वेळेवर येतो, मॅडम," आणि हसली. नवऱ्याशी बोलणं झालंय, तो समजूतदार आहे, पुढची नोकरी बघतेय, असं बरंच काही सांगत होती. मी नीट ऐकलं नाही. मला तुमच्या फाटकाशेजारची ती जांभूळ दिसत होती.

घरी येऊन मी आईच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, काका फाटकाशी काय बोलायचे, तुला कधी कळलं होतं का? आई भाजी निवडत होती. म्हणाली, "तुझी काकू मला नदीवर सगळं सांगायची. दुसरी कर, ही एका पोरीवर थांबली, असं म्हनायचं भावजी. तुझा आजा त्यांना पाठवायचा. धा-बारा वर्सं चाललं होतं ते." मी म्हटलं, मग तू बाबांना कधी बोलली नाहीस? "कशाला बोलू? त्यांना वाटायचं, माझ्यापतूर काय पोचत नाय. तेवढंच त्यांना समाधान. झाकली मूठ गं." आणि मेथीच्या काड्या बाजूला करून ती पानं धुवायला उठली. तिनं तुमची मूठ उघडली नाही, तुम्ही गेल्यावरही नाही. मी विचारलं म्हणून सांगितलंन.

आता आईची उठायची वेळ होईल. हे पत्र मी कुठे पाठवणार? आणि खरं सांगायचं तर पाठवायची सोय नाही तेच बरं आहे, कारण शेवटी जे लिहायचं आहे ते तुम्हाला कळू नये म्हणून मी जन्मभर जपलं. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा, शेवटच्या आठवड्यात, माझा हात धरून म्हणाला होतात, "तुमच्यापतूर मी काय येऊ दिलं नाय." मी हो म्हटलं. पालथ्या हातानं तुमच्या कपाळाचा ताप बघितला आणि परत हो म्हटलं.

बाबा, खिडकीपासून जांभूळ फार लांब नव्हती. काकांचा आवाजही मोठा होता. दुसरी कर म्हणायचे ते, पोरीला शिकवून काय लाइनीवर चढवनार हायस म्हणायचे ते, सगळं मला ऐकू यायचं. तुम्ही काही उत्तर द्यायचा नाहीत. फक्त एकदा बोललात, अगदी हळू, पण तेही मला ऐकू आलं. "दादा, जरा हळू बोल रं. पोरगी अभ्यास करते हाय."